लिनक्सवर लॅपटॉपची बॅटरी टिकवायची, तर प्रोसेसरला झोपू द्या

माझी भाची गारगोटीला असते. तिने शिक्षणासाठी एक जुना, वापरलेला लॅपटॉप घेतला, त्यावर उबुंटू २४.०४ हे लिनक्स टाकलं आणि महिनाभरात तिचा फोन आला. "मामा, लाइन गेली की हा जेमतेम तीन तास चालतो. आणि मी नुसतं पीडीएफ वाचत असले तरी पंखा फिरतच असतो." त्या संध्याकाळी फोनवरूनच एकेक आज्ञा सांगत आम्ही तो लॅपटॉप तपासला. त्याच क्रमाने इथे लिहितो आहे, कारण नव्याने लिनक्सवर आलेल्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं आणि बहुतेक जण उपाय उलट्या टोकाने सुरू करतात: आधी चार सॉफ्टवेअर टाकतात, मग विचारतात की वीज जाते कुठे.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, जशा भाचीला सांगितल्या तशाच. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजीच्या लहान लिपीत टाइप करायच्या. लांबलचक नावं पूर्ण टाइप करू नका. पहिली तीन-चार अक्षरं टाका आणि टॅबची कळ दाबा, उरलेलं नाव लिनक्स स्वतः भरतं. ही एक सवय लागली की स्पेलिंगची भीती जाते.

आधी दोन गोष्टी समजून घ्या

प्रोसेसर वीज वाचवतो ती दोन रीतींनी. एक, वेग कमी करून. दुसरी, काम नसेल तेव्हा झोपून.

वेगाचं गणित असं. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो, ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जास्त वेग हवा तर व्होल्टेजही जास्त द्यावं लागतं. म्हणून वेगाचा शेवटचा टप्पा सगळ्यात महाग पडतो. भाचीच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आठव्या पिढीचा कोअर आय५ ८२५०यू आहे. त्याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, टर्बो, म्हणजे गरजेला थोडा वेळ चढणारा वेग, ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत. निवांत असताना तो ४०० मेगाहर्ट्झवर उतरतो.

झोपेच्या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. सी० म्हणजे जागा. सी१ म्हणजे डुलकी. सी६, सी८, सी१० अशा पुढच्या पायऱ्यांवर कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकेका काम करणाऱ्या भागाचा, वीजपुरवठा तुटत जातो, आणि सगळे कोअर एकदम झोपले तर अख्खी चिपच गाढ झोपते. तुम्ही वाचत असता, विचार करत असता, तेव्हा दोन कळा दाबण्याच्या मधल्या वेळेतही प्रोसेसर अशा डुलक्या घेत असतो. सेकंदाला शेकडो वेळा.

आता लोकांची सगळ्यात मोठी चूक. "बॅटरी वाचवायची ना, मग प्रोसेसर ४०० मेगाहर्ट्झवर बांधून टाकू." असं केलं की जे काम अर्ध्या सेकंदात उरकलं असतं त्याला तीन-चार सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ आख्खी चिप जागी राहते. शेतावर दिवसभर रेंगाळत राहण्यापेक्षा काम झटपट उरकून घरी येऊन आडवं झालेलं बरं, तसंच हे आहे. बऱ्याच कामांत थोडा वेग परवडतो. जाग परवडत नाही.

पायरी पहिली: वॅट मोजा

चार्जर काढा. स्क्रीनचा उजेड नेहमी ठेवता तेवढा ठेवा, दोन मिनिटं थांबा आणि ही आज्ञा द्या:

कॅट /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/पॉवर_नाऊ

इथे 'सिस' म्हणजे एस-वाय-एस, आणि 'बॅट०' मोठ्या लिपीत. काही लॅपटॉपवर ते बॅट१ असतं, टॅब दाबलं की कळेल. जो आकडा येतो तो मायक्रोवॅटमध्ये असतो. भाचीने वाचून दाखवला: ११२०००००. दहा लाखांनी भागा, म्हणजे ११.२ वॅट. समोर एक पीडीएफ उघडी, बाकी काही नाही, आणि ११ वॅट. असा निवांत लॅपटॉप ६-७ वॅटवर असायला हवा.

पॉवर_नाऊ ही फाइलच नसेल तर करंट_नाऊ आणि व्होल्टेज_नाऊ अशा दोन असतील. दोन्ही आकडे दहा लाखांनी भागून एकमेकांशी गुणा, वॅट मिळतील.

त्याच जागी आणखी दोन फाइल वाचून घ्या: एनर्जी_फुल आणि एनर्जी_फुल_डिझाइन. पहिली सांगते आज पूर्ण चार्ज झाल्यावर बॅटरीत किती मावतं, दुसरी सांगते नवी असताना किती मावत होतं. भाचीचे आकडे होते ३६ आणि ४५ वॅट-तास. म्हणजे बॅटरी ८० टक्क्यांवर आलेली, वापरलेल्या लॅपटॉपला हे चांगलंच म्हणायचं. आता ३६ ला ११.२ ने भागा: सव्वातीन तास. तिची तक्रार तंतोतंत जुळली. हाच खर्च ६.५ वॅटवर आला तर साडेपाच तास होतात. आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक बदलानंतर हेच मोजायचं आहे, आणि एका वेळी एकच बदल करायचा आहे. दोन बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

पायरी दुसरी: गाडी कोण चालवतंय ते पाहा

आधी त्या फोल्डरमध्ये जा, म्हणजे पुढच्या आज्ञा छोट्या होतात:

सीडी /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयू०/सीपीयूफ्रेक

शेवटच्या शब्दात एफ-आर-ई-क्यू आहे, एवढं लक्षात ठेवा. मग:

कॅट स्केलिंग_ड्रायव्हर

सहाव्या पिढीपासूनच्या इंटेलवर बहुधा 'इंटेल_पीस्टेट' असं उत्तर येईल. त्याच्या आधीच्या इंटेलवर 'इंटेल_सीपीयूफ्रेक' दिसू शकतं. एएमडी रायझनवर 'एएमडी-पीस्टेट-ईपीपी', किंवा जुन्या यंत्रावर 'एसीपीआय-सीपीयूफ्रेक'. 'अशी फाइल नाही' असं उत्तर आलं आणि तुम्ही व्हर्च्युअल मशिनमध्ये असाल, तर काळजीचं कारण नाही. तिथे वेगाचा ताबा बाहेरच्या यंत्राकडे असतो.

मग विचारा, धोरण कोणतं आहे:

कॅट स्केलिंग_गव्हर्नर

इथे नवख्यांची हमखास गफलत होते, म्हणून जरा थांबून सांगतो. 'पॉवरसेव्ह' हा एकच शब्द दोन ड्रायव्हरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. जुन्या एसीपीआय ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे खरंच सगळ्यात कमी वेगावर बांधून ठेवणं. इंटेल_पीस्टेटमध्ये मात्र पॉवरसेव्ह म्हणजे गरजेप्रमाणे वेग वरखाली करणं, टर्बोसकट. नाव ऐकून लोक घाबरतात आणि "लॅपटॉप हळू का ठेवलाय" म्हणत तो परफॉर्मन्सवर टाकतात. इंटेल_पीस्टेटवर पॉवरसेव्ह दिसलं तर सगळं ठीक आहे, त्याला हात लावू नका. जुन्या इंटेलवर 'शेडयुटिल' दिसेल, तेही ठीक. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ते २०१६ पासून आहे आणि कामं वाटून देणाऱ्या शेड्युलरकडूनच माहिती घेऊन वेग ठरवतं.

भाचीकडे उत्तर आलं: परफॉर्मन्स. "अगं, तू काही बदललं होतंस का?" असं विचारल्यावर तिला आठवलं, लॅपटॉप फास्ट करण्याचा एक व्हिडिओ पाहून तिने एक सर्व्हिस तयार केली होती. ती दर वेळी सुरू होताना सगळे कोअर परफॉर्मन्सवर टाकत होती. तुमच्याकडेही असं काही निघालं तर:

सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ

आणि त्यापुढे त्या सर्व्हिसचं नाव. सुडो म्हणजे ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालव. मग लॅपटॉप पुन्हा सुरू करा आणि गव्हर्नर परत वाचा. तिच्याकडे पॉवरसेव्ह आलं, आणि वॅट ११.२ वरून ९ वर. सव्वातीन तासांचे चार तास झाले.

पायरी तिसरी: खरी कळ, ईपीपी

२०१५ च्या इंटेल स्कायलेकपासून, म्हणजे सहाव्या पिढीपासून, वेग किती ठेवायचा हे बऱ्याच अंशी प्रोसेसर स्वतः ठरवतो. लिनक्स त्याला फक्त कल सांगतं: झुकायचं कुठे, वेगाकडे की बचतीकडे. या सांगण्याला ईपीपी म्हणतात आणि त्याची फाइल याच फोल्डरमध्ये असते, नाव एनर्जी_परफॉर्मन्स_प्रेफरन्स. तिच्यात पाचपैकी एक शब्द असतो: डीफॉल्ट, परफॉर्मन्स, बॅलन्स_परफॉर्मन्स, बॅलन्स_पॉवर, पॉवर. मी स्वतः बॅटरीवर असताना बॅलन्स_पॉवर ठेवतो. टायपिंग, ब्राउझर, ऑनलाइन तास यांत मला काहीच जाणवत नाही. पॉवर ठेवलं की ब्राउझर उघडताना किंचित अडखळल्यासारखं होतं. लाइन दिवसभर गेलेली असेल तेव्हा तेही चालतं.

चांगली बातमी अशी की यासाठी टर्मिनलची गरजच नाही. उबुंटूत वर उजव्या कोपऱ्यात क्लिक केलं की पॉवर मोडचं बटण दिसतं. पॉवर सेव्हर, बॅलन्स्ड आणि यंत्राला झेपत असेल तर परफॉर्मन्स. यामागे पॉवर-प्रोफाइल्स-डेमन नावाची सेवा असते आणि अशा प्रोसेसरवर ती मुख्यतः हीच ईपीपी बदलते. टर्मिनलमधूनच करायचं तर:

पॉवरप्रोफाइल्ससीटीएल सेट पॉवर-सेव्हर

शेवटी सी-टी-एल, सगळं एका शब्दात. 'सेट'च्या जागी 'लिस्ट' म्हटलं तर उपलब्ध मोड आणि सध्याचा मोड दोन्ही दिसतात. निवडलेला मोड लॅपटॉप बंद करून चालू केला तरी टिकतो. नव्या माणसाने इथे थांबलं तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाताने बदलून पाहायचं असेल तर एक अडथळा येतो. इको करून > या चिन्हाने फाइलमध्ये लिहायला गेलात तर पुढे सुडो लावूनही परवानगी नाकारली जाते, कारण सुडो इकोला मिळतो, लिहिण्याच्या कामाला मिळत नाही. म्हणून टी हा शब्द मध्ये घ्यायचा, स्पेलिंग टी-ई-ई. दोन फोल्डर वर या, म्हणजे सीडी ../.. आणि मग:

इको बॅलन्स_पॉवर | सुडो टी सीपीयू*/सीपीयूफ्रेक/एनर्जी_परफॉर्मन्स_प्रेफरन्स

तारा दिल्यामुळे सगळ्या कोअरना एकदम लागू होतं. 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असा संदेश आला तर गव्हर्नर परफॉर्मन्सवर आहे असं समजा. तो तिथे असेपर्यंत प्रोसेसरचा कल वेगाकडेच बांधलेला असतो. मागच्या पायरीवर जा. आणि ही फाइलच दिसत नसेल, तर तुमचा इंटेल प्रोसेसर सहाव्या पिढीच्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. तिथे शेडयुटिल आहे तेवढं पुरे.

रायझनवाल्यांसाठी: एएमडी-पीस्टेट हा ड्रायव्हर कर्नल ५.१७ मध्ये, २०२२ साली आला आणि ईपीपीची सोय ६.३ मध्ये, २०२३ साली. तुमच्याकडे अजून एसीपीआय दिसत असेल आणि प्रोसेसर नवा असेल, तर आधी कर्नल अद्ययावत करा, मग बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, सीपीपीसी नावाचा पर्याय चालू आहे का पाहा.

पायरी चौथी: झोप कोण मोडतंय

आतापर्यंत ९ वॅट. मला ते पटत नव्हतं. पंखाही अजून फिरत होता. इथे पॉवरटॉप लागतो.

सुडो एपीटी इन्स्टॉल पॉवरटॉप

सुडो पॉवरटॉप

चार्जर काढलेलाच असू द्या, नाहीतर वॅट दिसत नाहीत. टॅब दाबत गेलं की पानं बदलतात. पहिल्या पानावर कोणता प्रोग्रॅम सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतो त्याची यादी असते. दुसऱ्या पानावर, आयडल स्टॅट्समध्ये, कोणत्या पायरीच्या झोपेत किती टक्के वेळ गेला ते दिसतं. डावीकडचा पॅकेजचा, म्हणजे अख्ख्या चिपचा, रकाना वाचा. लॅपटॉप निवांत असताना तिथले मोठे टक्के खाली, सी८-सी१० च्या बाजूला असायला हवेत. नेमका कुठला आकडा दिसेल ते प्रोसेसरप्रमाणे बदलतं.

भाचीच्या लॅपटॉपवर पॅकेज सी२ च्या खाली उतरतच नव्हतं. यादीत सगळ्यात वर होता ब्राउझर. तिच्या मते ब्राउझर बंद होता, पण तो फक्त मिनिमाइझ केलेला होता. आत सव्वीस टॅब उघडे, आणि त्यातल्या एकात क्रिकेटचा स्कोअर आणि हलत्या जाहिराती. तो एक टॅब मी तिला बंद करायला सांगितला आणि आम्ही दोघंही गप्प बसून आकड्याकडे बघत होतो. साधारण मिनिटभराने ती म्हणाली, "मामा, पंखा थांबला." वॅट ६.६.

सगळं गव्हर्नरचं काम करून जेवढं मिळालं नव्हतं, तेवढं एका टॅबने दिलं. म्हणून मी म्हणतो, वेगाच्या फाइलींमागे रात्र घालवण्याआधी पॉवरटॉपचं पहिलं पान बघा. प्रोसेसरला झोपायला वेळच मिळत नसेल तर कुठलंही धोरण कामाचं नाही.

पॉवरटॉपमध्ये शेवटाकडे ट्युनेबल्स नावाचं पान आहे, त्यात 'बॅड' लिहिलेल्या ओळी दिसतात. त्या एकदम सगळ्या 'गुड' करण्यासाठी --ऑटो-ट्यून असा पर्याय आहे आणि अनेक ठिकाणी तो आंधळेपणाने सुचवला जातो. नव्या माणसाने तो दर सुरुवातीला चालेल असा लावून ठेवू नये. यूएसबी माउस आणि कीबोर्डही त्यात झोपी जातात आणि माउस हलवल्यावर तो जागा होईपर्यंत तुम्ही ताटकळता. एकेक ओळ बदला, वॅट मोजा, फरक नसेल तर सोडून द्या.

टर्बो बंद करावा का?

पंख्याचा आवाज किंवा मांडीला लागणारे चटके हे मुख्य दुखणं असेल तर करून पाहा. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तिथे टर्बोची उष्णता लॅपटॉपने टाकायची कुठे? इंटेलसाठी:

इको १ | सुडो टी /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/इंटेल_पीस्टेट/नो_टर्बो

१ म्हणजे टर्बो बंद, ० म्हणजे परत चालू. वाक्य उलटं आहे, नीट वाचा. बॅटरी किती वाचते हे कामावर ठरतं. मोठा कोड कंपाइल करताना फरक पडतो, पीडीएफ वाचताना जवळजवळ पडत नाही. तसंच पंख्याची जाळी साफ करणं आणि जुनं थर्मल पेस्ट बदलणं हे काम कुठल्याही आज्ञेने होत नाही. वापरलेला लॅपटॉप घेतला असेल तर दुरुस्तीवाल्याकडून एकदा ते करून घ्याच.

टीएलपी कधी घ्यायचं

चार्जर लावल्यावर एक वागणूक, काढल्यावर दुसरी, हे आपोआप हवं असेल तर टीएलपी नावाचं साधन उत्तम आहे. पण टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डेमन एकत्र ठेवू नका. दोघंही त्याच फाइलींत लिहितात, एकाने केलेलं दुसरा पुसतो, आणि आपण हैराण होतो की सेटिंग टिकत का नाही. मी स्वतः यात दोन दिवस घालवले आहेत. ऑटो-सीपीयूफ्रेक नावाचं आणखी एक साधन आहे, त्यालाही हाच नियम. तिघांपैकी एकच. टीएलपी घ्यायचं ठरवलं तर:

सुडो एपीटी रिमूव्ह पॉवर-प्रोफाइल्स-डेमन

सुडो एपीटी इन्स्टॉल टीएलपी

सुडो टीएलपी स्टार्ट

कोपऱ्यातलं पॉवर मोडचं बटण यानंतर नाहीसं होईल, ते अपेक्षितच आहे. सेटिंगची फाइल /ईटीसी/टीएलपी.कॉन्फ. तिच्यात हॅशने सुरू होणाऱ्या ओळी लागू नसतात, हॅश काढला की लागू होतात. प्रोसेसरसाठी दोनच ओळी बघा. सीपीयू_एनर्जी_पर्फ_पॉलिसी_ऑन_बॅट, तिच्यापुढे बॅलन्स_पॉवर. आणि सीपीयू_बूस्ट_ऑन_बॅट, टर्बो बॅटरीवर नको असेल तर तिच्यापुढे ०. बदल केल्यावर पुन्हा टीएलपी स्टार्ट म्हणा आणि 'सुडो टीएलपी-स्टॅट -पी' ने खात्री करा. प्रोसेसरची सगळी माहिती एकाच ठिकाणी छापून येते.

त्याच फाइलमध्ये चार्जिंग कुठे थांबवायचं ते सांगणाऱ्या ओळी आहेत, स्टॉप_चार्ज_थ्रेश_बॅट० आणि तिची जोडीदार स्टार्टवाली. प्रोसेसरशी संबंध नाही, पण ज्यांचा लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असतो त्यांनी ८० वर थांबवून ठेवावं. लिथियम बॅटरी सतत १०० टक्क्यांवर तापत ठेवली की लवकर म्हातारी होते. सगळे लॅपटॉप ही सोय देत नाहीत. तुमचा देतो का, ते 'टीएलपी-स्टॅट -बी' सांगेल.

मागे फिरायचं असेल तर

टी वापरून फाइलींत जे हाताने लिहिलं, ते लॅपटॉप पुन्हा सुरू केला की आपोआप पुसलं जातं, त्यामुळे प्रयोग करायला कचरू नका. टीएलपी नको वाटलं तर ते काढा, पॉवर-प्रोफाइल्स-डेमन परत टाका आणि पुन्हा सुरू करा, कोपऱ्यातलं बटण परत येईल. त्यानंतर चार्जर काढून दोन मिनिटं थांबा, पॉवर_नाऊ वाचा आणि कागदावरच्या पहिल्या आकड्याशेजारी लिहा.